शनीच्या चंद्रांची नावे

महोदय,
शनीच्या चंद्रांवरची बातमी आवडली, पण नावांची गंमत राहून गेली. शनीभोवती उलट्या दिशेने फिरणाऱ्या, नाव मिळालेल्या बहुतेक चंद्रांना यमिर, स्काडी, थ्रिम अशी नॉर्स, म्हणजे स्कँडिनेव्हियातल्या जुन्या व्हायकिंग लोकांच्या, पुराणांतल्या राक्षस-राक्षसिणींची नावे आहेत. मंगळावर २० जुलै १९७६ रोजी उतरलेले यानही ‘व्हायकिंग’च!

व्हायकिंग लोकांचे तारेही मजेदार. त्यांच्या कथेत मेघगर्जनेचा देव थॉर और्वांडिल नावाच्या एकाला टोपलीत घालून बर्फाळ नद्या ओलांडत होता. और्वांडिलच्या पायाचे एक बोट बाहेर राहून गोठले. थॉरने ते चक्क मोडून आकाशात भिरकावले, त्याचा तारा झाला. मृगातल्या ज्या तीन ताऱ्यांत आपण व्याधाचा बाण पाहतो, तिथे स्वीडनमध्ये फ्रिगदेवीची सूत कातायची काठी दिसे. अशा कथांना रविवारी चौकटभर जागा द्यावी.

– एक वाचक, सातारा