एमसीआर चप्पल हा उपचार आहे, दानधर्म नव्हे

संपादक महोदय,

कालच्या अंकातील मिशन दवाखान्याच्या शिबिराचा मथळा होता, ‘महारोग्यांना मोफत चपलांचे वाटप’. ‘महारोगी’ आणि ‘वाटप’ हे दोन्ही शब्द खटकले. कुष्ठरोग्यांसाठीचा १८९८ चा लेपर्स कायदासुद्धा २०१६ मध्ये रद्द झाला. ‘महारोगी’ हा शब्द मात्र मथळ्यातून जात नाही. एमडीटीचा, म्हणजे एकत्र अनेक औषधांचा, सहा किंवा बारा महिन्यांचा कोर्स पुरा केलेला माणूस बरा झालेला असतो. मेलेली नस तेवढी परत येत नाही, तळव्याला काही समजत नाही. म्हणून तर ती एमसीआर, म्हणजे मायक्रोसेल्युलर रबराची चप्पल!

तिचा आतला थर मऊ रबराचा असतो, चालताना दाब सगळ्या तळव्यावर पसरावा म्हणून. खालचा तळ कडक, पऱ्हाटीचे खुंट आणि बाभळीचा काटा आत शिरू नये म्हणून. खिळा एकही नको. मागे पट्टा हवाच, कारण बधिर पायातून साधी चप्पल कधी निसटली ते कळत नाही. आणि माप कागदावर पाऊल आखूनच घ्यायचे. ढिगातून अंदाजाने जोड उचलून दिला की पट्टा घासतो, फोड येतो. दुखत नाही म्हणून बाई त्याच पायाने कापूस वेचायला जाते आणि जखम हाडापर्यंत पोचते. नवी चप्पल पहिल्या दिवशी अर्धा तासच घालायची, मग पाय पाहायचा, लाल दिसला तर पट्टा सैल करून घ्यायचा. एवढे तरी छापायचे होते.

रोज वीस मिनिटे पाय साध्या पाण्यात ठेवायचे (गरम नको, भाजलेले कळत नाही), घट्टा खरबरीत दगडाने घासायचा, ओल्या पायालाच तेल लावायचे. द लेप्रसी मिशन ही संस्था १८७४ पासून या रोगावर काम करते. परतवाड्याजवळ कोठाऱ्याला त्यांचा दवाखाना आहे. अशा कामाच्या बातमीत फोटो पाहुण्यांचा नको, माप घेणाऱ्या कारागिराचा हवा.

जाता जाता रेशनचेही लिहा. या रोगात बोटे झडत नाहीत, जखमा होऊन आखूड होतात. त्यांचा ठसा मशीन घेत नाही आणि धान्य अडते. आधारमध्ये डोळ्यांच्या बुबुळांची नोंद असते, मग दुकानात ती तपासणारे यंत्र आहे का, आणि असेल तर वापरतात का? तहसीलदारांना हे आपल्या वार्ताहराने विचारावे.

– एक निवृत्त कुष्ठरोग तंत्रज्ञ, ता. अचलपूर, जि. अमरावती