दहा नाही, तेरा

आदरणीय सर,
सा. न. वि. वि.

नाव लिहू नकोस म्हणालात, म्हणून लिहीत नाही. पण पत्र उघडच लिहितोय. भोसरीत माझ्यासारखे गाळ्यात बसून इलेक्ट्रॉनिक कार्डं बनवणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांतला एखादा आत्ताही तेच भूत शोधत असेल.

भूतच म्हणायचो आम्ही त्याला. यंत्रांचं कंपन मोजायचं ८ चॅनेलचं कार्ड, सगळे चॅनेल आळीपाळीने वाचणारा १६ बिटांचा एकच एडीसी (व्होल्टचे आकडे करणारी चिप), ५ व्होल्टचा पल्ला. तिसऱ्या चॅनेलवर मोटर धडधडायला लागली की चौथ्यावरही तिची सावली उमटायची, आणि चौथ्याचं इनपुट तर सरळ ग्राउंडला जोडलेलं! ज्यांच्याकडून चिप घेतली त्यांच्या इंजिनियरने चिपच्या माहितीपत्रकाची, म्हणजे डेटाशीटची लिंक पाठवली. (जणू चिप मी डेटाशीट न बघताच निवडली होती.) मग एक सल्लागार आले. दहा मिनिटं बोर्डाकडे बघून म्हणाले, "मिळेल तो सगळ्यात फास्ट ऑप-ॲम्प टाका." ऑप-ॲम्प म्हणजे एडीसीपर्यंत सिग्नल पोचवणारी ॲम्प्लिफायर चिप. टाकला, १०० मेगाहर्ट्झचा. भूत गेलं, पण शेवटचे आकडे सहा-सात काउंटांनी (काउंट म्हणजे एडीसीची सगळ्यात लहान पायरी) नाचायला लागले. "ले-आउट नव्याने करा," एवढं सांगून त्यांनी बिल पाठवलं, आणि मग फोन उचलणंच बंद केलं. ले-आउट नव्याने केला. दोन महिने गेले. नाच तसाच.

शेजारच्या गाळ्यातल्या वाइंडिंगवाल्या काकांनी तुमच्याकडे धाडलं. तुम्ही बोर्ड हातातच घेतला नाहीत. विचारलंत, "चॅनेल बदलल्यापासून एडीसी नमुना धरेपर्यंत वेळ किती?" एक मायक्रोसेकंद, मी म्हणालो. हा प्रश्न मला तोवर कोणी विचारलाच नव्हता, आणि खरं सांगायचं तर मीही स्वतःला विचारला नव्हता. १६ बिटांत अर्ध्या काउंटपर्यंत स्थिरावायला ११.८ टाइम कॉन्स्टंट लागतात (दर टाइम कॉन्स्टंटला उरलेलं अंतर सुमारे ६३ टक्क्यांनी कमी होतं). म्हणजे एकाच्या वाट्याला जेमतेम ८५ नॅनोसेकंद, म्हणजे बँडविड्थ, वेगाची मर्यादा, कमीत कमी १.९ मेगाहर्ट्झ. माझा जुना ऑप-ॲम्प १ मेगाहर्ट्झचा. पूर्ण पल्ल्याची उडी आली की बिचारा १२० काउंट मागे राहायचा. आणि १०० वाला वेळेत पोचायचा खरा, पण येताना सगळा गोंगाट घेऊन यायचा, आणि सॅम्पलिंगमध्ये तो दुमडून आम्ही मोजतो त्याच फ्रिक्वेन्सींच्या पट्ट्यात येऊन बसायचा. "तुला दार हवं होतं, तू भिंत पाडलीस," तुम्ही म्हणालात, आणि मला दोन महिन्यांत पहिल्यांदा हसू आलं.

१०० वालाच ऑप-ॲम्प ठेवून त्याच्यापुढे २० ओहमचा रेझिस्टर आणि २.७ नॅनोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे आरसी फिल्टर. कपॅसिटर सी-झिरो-जी जातीचाच (व्होल्टेजने ज्याची किंमत हलत नाही असा), हे दोनदा बजावलंत. बँडविड्थ सुमारे ३ मेगाहर्ट्झ झाली. "ऑप-ॲम्पचा गोंगाट ७५ मायक्रोव्होल्टवरून १० वर येईल," म्हणालात. त्या रात्री लावून बघितलं. भूत नाही, तो सहा-सात काउंटांचा नाचही नाही.

पण हे पत्र त्या रात्रीसाठी नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सव्वासातला तुमचा फोन आला, मी दात घासत होतो. "अरे, काल चुकलो. गोंगाट मोजताना आरसी फिल्टरची बँडविड्थ नेहमीच्या दीडपटीहून थोडी जास्त धरायची असते, १.५७ पट. मी नुसते ३ मेगाहर्ट्झ धरले. दहा नाही, तेरा. वहीत दुरुस्त कर."

एडीसीचा स्वतःचाच गोंगाट ४० मायक्रोव्होल्ट. गोंगाटांची बेरीज वर्गांनी होते, म्हणून त्यात १० मिळवा की १३, एकूण बेरजेत एका मायक्रोव्होल्टचाही फरक पडत नाही. हे तुम्हाला माझ्याआधी ठाऊक असणार. तरीही रात्रभर ते तुमच्या डोक्यात राहिलं, आणि ज्याच्याकडून एक रुपया घेतला नाही त्याला सकाळी उठून फोन करून स्वतःची चूक सांगितलीत. पैसे घेणाऱ्यांनी १२० काउंटांची चूक मान्य केली नव्हती, सर. फोन ठेवल्यावर मी तोंड धुवायचं विसरून तसाच उभा होतो. बायकोने विचारलं, कोण गेलं? म्हटलं, कोणी गेलं नाही गं, अशी माणसं अजून आहेत.

वहीत १० खोडलेलं नाही. त्यावर एक आडवी रेघ, शेजारी १३, आणि तारीख.

नव्या लॉटमधलं पहिलं कार्ड तुमच्यासाठी बाजूला ठेवलंय. घेणार नाही म्हणाल, माहीत आहे. मग निदान चहाला या आणि चौथ्या चॅनेलचा आलेख बघून जा.

आपला,
गाळ्यातला मुलगा