तो सव्वा इंचाचा तुकडा

ती. स्व. मिस्त्रीकाका यांस,
कृ. सा. न. वि. वि.

पत्राला दोन महिने उशीर झाला, आधी त्याची माफी मागते. रायफल घ्यायला आले त्या दिवशी बोलायचं होतं, पण घशाशी काहीतरी आलं आणि नुसती मान हलवून गाडीत बसले. बाई पैशांवरून रुसली, असं तुम्हाला वाटलं असेल. तसं काही नव्हतं.

ती आजोबांची थ्री सेव्हन्टी फाइव्ह मॅग्नम. 1972 चा वन्यजीव कायदा आल्यावर त्यांनी ती पुन्हा रानात नेली नाही, पण खंडेनवमीची पूजा एकदाही चुकवली नाही. वडिलांकडे तीन हत्यारं होती. 2019 मध्ये शस्त्र कायद्याच्या दुरुस्तीने परवान्यावरची मर्यादा तिनाची दोन झाली तेव्हा त्यांनी दुनाळी सोडली आणि ही ठेवली. त्यांच्यामागे परवाना माझ्या नावावर झाला. त्यासाठी घातलेल्या फेऱ्या आठवल्या तरी डोकं फिरतं, म्हणून ते राहू दे.

लाकडी दस्ता मानेशी, म्हणजे हाताची पकड येते तिथे, चिरला होता आणि तुमच्याआधी मी ती दोन दुकानांत नेली होती. पहिल्याने चिरेत एम-सील भरलं, वर चकचकीत वॉर्निश फासलं आणि मला न विचारता नळी बफला लावली. नळीवरची कोरीव अक्षरं अर्धी गेली. रेंजवर दुसऱ्याच बाराला चीर बोटभर पुढे सरकली. दुसऱ्याने रायफलकडे नंतर पाहिलं, आधी मला वरून खाली पाहून घेतलं. "ताई, ही बायकांची वस्तू नाही. विकून टाका. नाहीतर मागून दस्ता कापून देतो, पाच मिनिटांचं काम." खिशातून टेपसुद्धा न काढता!

तुम्ही बोल्ट मागे ओढून आधी चेंबरमध्ये करंगळी घातलीत. मी "रिकामी आहे" म्हटलं होतं, तरीही. तिथेच माझा जीव भांड्यात पडला.

मग लाकूड वेगळं करून तुम्ही आतल्या बाजूला नख दाबलंत आणि ते रुतलं. अक्रोडाच्या लाकडात नख रुततं हे मी पहिल्यांदाच पाहिलं. "इतकी वर्षं नळी वर करून उभी ठेवलीत. तेल सगळं खाली उतरून लाकूड मऊ पडलं. पुढच्या खुंट्याला आधारच उरला नाही, मग बाराचा धक्का दस्त्याच्या मानेवर बसणार. चिरणार नाही तर काय होणार?" लहानपणापासून घरातले आम्ही सगळे तिला हौसेने तेल पाजत होतो. आता ती नळी खाली करून ठेवते, काका.

चीर कशी सांधलीत, खडूची पूड लावून तेल कसं ओढून काढलंत, ते तुमचं तुम्हाला ठाऊक. मला आठवतं ते माप. "रेंजवर अंगात काय असतं?" असं विचारून तुम्ही मला जाड जॅकेट घालायला लावलंत. डोळे मिटून रायफल खांद्याला लावायची, मग डोळे उघडायचे. तीनदा केलं आणि तीनही वेळा दस्ता काखेकडे अडकला, नेम धरायची नळीच्या टोकाची माशी भलतीकडेच. आजोबा सहा फुटी, मी पाच फूट एक इंच. दंड काळानिळा का होतो ते तेव्हा उमगलं. सव्वा इंच काढावा लागेल म्हणालात आणि वर विचारलंत, "चालेल ना? घरी विचारून घ्या." विचारायला आता घरी वडीलधारं होतं कोण!

मिळाली तेव्हा लाल रबराच्या पॅडसह रायफल अशी खांद्याला बसली की जणू माझ्यासाठीच घडवली होती. आणि तुम्ही फडक्यात बांधलेलं काहीतरी हातात ठेवलंत. कापलेला तुकडा. मूळच्या लोखंडी पट्टीसकट, स्क्रू कागदात गुंडाळलेले, जोडायच्या खुणा केलेल्या. त्यावर पेन्सिलीने लिहिलं होतं, "उंच माणूस आला तर परत लावणे."

त्या तुकड्याची एक कड झिजलेली आहे. आजोबा घरी आले की रायफल जोत्याच्या दगडावर टेकवून चपला काढायचे, त्याची ती झीज. हे मी तुम्हाला सांगितलं नव्हतं. दुसरं कुणी असतं तर तो केरात गेला असता, आणि मलाही कळलं नसतं काय गेलं ते.

आमच्या गावचा शिंपी उरलेली चिंधीसुद्धा पुरचुंडी करून परत द्यायचा. "कापड तुमचं," म्हणायचा. तशी माणसं संपली असं मी चारचौघांत सांगत फिरायचे. ते शब्द मागे घेतले. त्या दोन दुकानांबद्दलचे मात्र घेतलेले नाहीत.

मुलगा चौदाचा आहे, माझ्या डोक्यावरून कधीच गेला. परवा तो तुकडा आपल्या खांद्याला लावून बघत होता. मी काही बोलले नाही.

हापूसची पेटी एसटीने पाठवली आहे. आंबे संपले की रिकामी पेटी परत पाठवू नका, तुमचा काही भरवसा नाही.

आपली,
सव्वा इंचवाली