मुलांच्या कर्करोगाचा निर्णय एकट्याने नको

संपादक महोदय,

लहान मुलांच्या कर्करोगाविषयी लिहिताना औषधे आणि खर्च यांची चर्चा पुष्कळ होते. मात्र उपचारांची दिशा जिथे ठरते, त्या ‘ट्यूमर बोर्डा’च्या बैठकीबद्दल क्वचितच कोणी लिहिते. बालकर्करोगतज्ज्ञ, शल्यचिकित्सक, रेडिओलॉजिस्ट, पॅथॉलॉजिस्ट आणि किरणोपचारतज्ज्ञ एकाच मुलाचे स्कॅन व बायोप्सीचा अहवाल समोर ठेवून बसतात, तेव्हा बहुतेकदा प्रश्न असतो तो क्रमाचा. मूत्रपिंडाच्या विल्म्स ट्यूमरमध्ये गाठ आधी काढावी की केमोथेरपीने ती लहान करून मग शस्त्रक्रिया करावी, याबाबत जगात दोन पद्धती रूढ आहेत. हाडाच्या कर्करोगात तर बायोप्सीची सुई कोठून घालायची, हेही पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांशी बोलूनच ठरवावे लागते, कारण चुकीच्या मार्गाने नमुना घेतल्यास हात किंवा पाय वाचवणे अवघड होऊ शकते. मेंदूची गाठ असलेले मूल ३ वर्षांहून लहान असेल, तर किरणोपचार शक्यतो लांबणीवर टाकतात.

जागतिक आरोग्य संघटनेने २०३० पर्यंत कर्करोगग्रस्त मुलांपैकी किमान ६० टक्के मुले वाचावीत, असे उद्दिष्ट २०१८ मध्ये जाहीर केले. त्यासाठी मोठ्या रुग्णालयांनी लहान केंद्रांतील डॉक्टरांना या बैठकांत दूरदृश्य प्रणालीने सामावून घ्यावे. शिवाय, बैठकीत आईवडील सहसा नसतात (आणि ते समजण्यासारखेही आहे). पण तिथे झालेला निर्णय व त्यामागची कारणे त्यांना सोप्या भाषेत लेखी मिळालीच पाहिजेत.

आपला,
एक वाचक