चाकातली प्लॅस्टिकची चकती काढण्याआधी

सर्व सभासदांना नमस्कार.

रविवारी सिंहगडाला निघण्याआधी एक विनंती. सायकलच्या मागच्या चाकात कॅसेट (गिअरच्या दातेरी चक्रांचा संच) आणि स्पोकच्या मध्ये असलेली पारदर्शक चकती बरेच जण दिसायला बरी नाही म्हणून काढतात. चढावर सर्वांत हलका गिअर टाकताना चेन पलीकडे उतरली, तर ती स्पोकमध्ये जाऊ नये, एवढ्यासाठी ही चकती असते. डिरेलरचा, म्हणजे गिअर बदलताना चेन सरकवणाऱ्या भागाचा, ‘एल’ स्क्रू (चेन स्पोककडे किती सरकेल ते ठरवणारा) नीट लावलेला आणि हँगर (डिरेलर ज्यावर बसतो तो तुकडा) सरळ असेल, तर ती नसली तरी चालतं. पण सायकल उजव्या कुशीवर पडली किंवा बसच्या डिकीतून आणली, की हँगर वाकू शकतो आणि ते चटकन लक्षातही येत नाही. गेल्या पावसाळ्यात माझी चेन अशीच आत गेली. चाकाच्या मधल्या हबपाशी स्पोकांवर नखाला लागतील अशा खाचा पडल्या, महिनाभरात दोन स्पोक तुटले. मी चकती परत बसवली.

नवीन सभासदांनी ती ठेवावीच. मात्र तडकली असेल, खडखडत असेल तर काढाच. पक्कडीने ओढून नव्हे, कॅसेट उतरवून. त्याची हत्यारं माझ्याकडे आहेत. शनिवारी संध्याकाळी ५ ते ७ सायकल घेऊन या, हँगरही बघून देतो.