कट्ट्याखालच्या कपाटांबद्दल

बेळगाव,
रविवार

ती. आई-बाबांस सा. न. वि. वि.

काल फोनवर, तुमच्या स्वयंपाकघरात कट्ट्याखाली बिनचौकटीची कपाटं करण्यावरून बाबांशी बोलताना माझा आवाज चढला, त्याचं रात्रभर वाईट वाटत राहिलं. म्हणून लिहूनच कळवते.

बाबा, 'चौकट नाही म्हणजे नुसतं खोकं' असं तुम्ही म्हणालात. खरंच आहे ते. चौकटीच्या कपाटाला समोरून लाकडी पट्ट्यांची चौकट असते, बिजागरीचा स्क्रू त्या भरीव सागवानात जातो, तो हलत नाही. आजीच्या लोणच्याच्या कपाटाची दारं अजून अलगद मिटतात ती त्यामुळंच. मॉड्युलरवाल्यांच्या बिनचौकटीच्या कपाटात सगळा भार खोक्याच्या बाजूंवर येतो. माल हलका निघाला की दार लोंबलंच. आमच्या इथं दुकानदारानं सिंकखाली भुशाच्या बोर्डाचं कपाट बसवलं होतं. दुसऱ्याच पावसाळ्यात खालची कड भिजल्या बिस्किटासारखी फुगली आणि बिजागरी स्क्रूसकट माझ्या हातात आली. तुमच्या खानापूरचा पाऊस तर इथल्यापेक्षा जास्त. तेव्हा तुमची काळजी मला कळते.

तरीही कट्ट्याखाली मला बिनचौकटीचंच हवंय, आणि ते आईसाठी.

मागच्या रविवारी आले तेव्हा आई परात काढत होती. एक हात कट्ट्यावर, एक गुडघा फरशीवर, आणि परात चौकटीत अडकलेली. तिरकी करून, ओढून कशीबशी निघाली. उठताना आईनं तोंडातून आवाज काढला नाही, पण ओठ घट्ट मिटले होते. मग मी टेप लावला. परात ५३ सेंमी. कपाट ६० सेंमीचं, पण दोन्हीकडच्या ४-४ सेंमीच्या पट्ट्या जाऊन तोंड उरतं ५२. बिनचौकटीत फक्त १८ मिमीच्या दोन बाजू जातात, ५६ सेंमीच्या वर मोकळं मिळतं. खाली सगळे ड्रॉवरच करायचे, पूर्ण बाहेर येणारे. परातीसाठी एक ९० सेंमीचा. उभ्यानं ओढायचा, वरून उचलायचं. चौकटीत ड्रॉवर होत नाहीत असं नाही, पण ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या चॅनलला आतून पॅकिंग द्यावं लागतं आणि तेवढी जागा जाते.

फक्त खोकं पक्कं हवं. प्लाय आयएस ७१० चाच, म्हणजे पाण्याला टिकणारा मरीन प्लाय, कापायच्या आधी प्रत्येक शीटवरचा शिक्का बाबांनी स्वतः बघायचा. कापलेली प्रत्येक कड बंद झाली पाहिजे, मागची न दिसणारीसुद्धा. पाणी तिथूनच शिरतं. पाठीचा प्लाय खाचेत बसवायला सांगा, नुसता खिळे मारून नको, म्हणजे खोकं गुण्यात, काटकोनात राहतं. खाली १० सेंमीचे पाय. आपली फरशी मोरीकडं उतरती आहे, पाय फिरवून लेव्हल करता येते आणि खालून पुसताही येतं. जांभ्याची भिंत ओळंब्यात नाही, त्या बाजूला ५ सेंमीची पट्टी सोडू, नाहीतर कडेचा ड्रॉवर भिंतीला घासेल.

वरची कपाटं मात्र बाबांच्या मनासारखी, चौकटीची. माळ्यावरचं सागवान त्याला पुरेल असं सुतारमामा म्हणाले. आजीचं कपाट कुणी हलवायचं नाही. पैशांचं मी बघते.

सुतारमामा गुरुवारी येतील. त्याआधी एक करा. आई, तू पोळ्या लाटायला उभी राहतेस तशी, पायात घरातल्या चपला घालून भिंतीशी उभी राहा, आणि बाबा, तिच्या कोपरापाशी पेन्सिलीनं खूण करा. कट्टा त्या खुणेच्या चार बोटं खाली घ्यायचा.

तुमची,
ताई