इओसिनोफिल स्वतःच्याच विषाने का मरत नाही?

प्रिय सुधीर,

सप्रेम नमस्कार.

पत्र मिळालं. जंतांच्या अळ्या मारणारं प्रथिन पोटात घेऊन फिरणारी इओसिनोफिल ही पांढरी रक्तपेशी स्वतः जिवंत कशी राहते, हा तुझा प्रश्न फार मोलाचा आहे. ‘विष पिशवीत बंद असतं’ हे त्याचं नेहमीचं उत्तर मला कधीच पुरेसं वाटलं नाही. पिशवीलाही पटल (पातळ आवरण) असतंच आणि हे प्रथिन पटलावरच घाव घालतं. मग ते आधी आपली पिशवीच का फाडत नाही?

आधी पेशी नीट बघून घे. लेशमन रंगाने (रक्तपेशी रंगवायच्या रंगाने) रंगवलेली रक्ताची काच शंभरच्या ऑइल भिंगाखाली धरलीस की दोन पाकळ्यांचं केंद्रक आणि भोवती ठासून भरलेले नारिंगी-लाल कण दिसतील. हे कण म्हणजेच त्या विषाच्या पिशव्या. कण इओसिन हा आम्लधर्मी रंग धरतात, कारण आतली प्रथिनं कमालीची आम्लारिधर्मी आहेत. जर्मन शास्त्रज्ञ पॉल एरलिखने १८७९ मध्ये या पेशीचं वर्णन केलं ते याच रंगावरून. रंगवताना वापरायच्या बफर द्रावणाचा पीएच (आम्लतेचं माप) ६.८ ठेव. तो आम्लारीकडे सरकला तर हेच कण करडे-निळसर दिसतात आणि पेशी ओळखताना चूक होते.

इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक कणात मधोमध गडद गाभा दिसतो आणि भोवती फिकट भाग. फिकट भागातल्या पेरॉक्सिडेज या विकराला (एन्झाइमला) काम करायला हायड्रोजन पेरॉक्साइड लागतं. पेशी चेतवली जाईपर्यंत ते पुरेसं तयारच होत नाही, त्यामुळे त्याचा धोका आपोआप टळतो. गाभ्यातल्या ‘मेजर बेसिक प्रोटीन’चं तसं नाही. ११७ अमिनो आम्लांच्या या साखळीत आर्जिनिन भरपूर, म्हणून तिच्यावर धनप्रभार दाटलेला. पटलाचा पृष्ठभाग ऋणप्रभारित असतो, त्याला ती चिकटते आणि त्याची घडी विस्कटते. त्यासाठी तिला दुसऱ्या कशाचीच मदत लागत नाही.

म्हणून बंदोबस्त जन्मापासून असतो. प्रथिन घडतं तेव्हा त्याच्या पुढच्या टोकाला सुमारे ९० अमिनो आम्लांचा, ऋणप्रभाराने भरलेला एक तुकडा जोडलेला असतो. तो धनप्रभार झाकून ठेवतो, त्यामुळे कारखान्यापासून कणापर्यंतचा प्रवास निर्धोक होतो. कण पक्व होताना हा तुकडा कापला जातो. खरं तर सगळ्यात नाजूक घडी हीच, कारण आता झाकण गेलेलं असतं.

इथे पेशी प्रथिनाचं रूपच बदलते. मोकळे रेणू एकमेकांना चिकटून नॅनोमीटरच्या मापाचा स्फटिक होतो. तो गडद गाभा म्हणजे हा स्फटिक. त्यात रेणू एकमेकांत घट्ट गुंतलेले असल्यामुळे पटलाला भिडायला कुणी मोकळं उरत नाही. २०१५ मध्ये क्ष-किरण लेसर वापरून या स्फटिकांचा अभ्यास झाला आणि याच रूपात विष निष्क्रिय राहतं हे पुढे आलं. मला यातली काटकसर विलक्षण वाटते. वेगळा पहारेकरी ठेवायची गरजच नाही, प्रथिनाची रचनाच त्याला बांधून ठेवते.

पेशी चेतवली की कणाच्या आतली आम्लता वाढते आणि स्फटिक सुटू लागतो. बहुतेक वेळा अख्खा कण ओतला जात नाही. कणातून छोट्या पुटिका (इवल्या पिशव्या) निघतात आणि थोडं थोडं विष पेशीच्या काठाकडे नेतात. बाहेर पडल्यावर रेणूंचे लहान लहान गोळे होतात, आणि खरी इजा हे गोळे करतात, अळीलाही आणि आपल्या श्वासनलिकेच्या अस्तरालाही. त्यांचेच मोठे पुंजके झाले, अमायलॉइड या प्रथिनाच्या चिवट तंतूंसारखे, तर विषारीपणा मावळतो. अतिस्राव झालेल्या ऊतींत असे पुंजके सापडले आहेत. बहुधा नुकसानाला बांध घालण्याची ती सोय असावी.

बिघडतं कुठे? पेशीचं मरण कसं येतं यावर पुष्कळ अवलंबून आहे. शिस्तीने मेलेली पेशी भक्षकपेशी अखंड गिळतात, कण सांडत नाहीत. पेशी फुटून मेली तर अख्खे कण ऊतीत विखुरतात. कफात दिसणारे टोकदार शार्को-लायडन स्फटिक या फुटण्याचीच खूण. मात्र त्यांची गाभ्याच्या स्फटिकाशी गल्लत करू नकोस. ते कणाबाहेरच्या पेशीद्रवातल्या गॅलेक्टिन-१० या वेगळ्याच प्रथिनाचे असतात आणि पेशी फुटताना तयार होतात.

आता तू पाठवलेल्या रिपोर्टाचं. नुसत्या टक्केवारीवर जाऊ नकोस. एकूण पांढऱ्या पेशींना इओसिनोफिलच्या टक्क्यांनी गुणून शंभराने भाग. ६,००० पैकी ९ टक्के म्हणजे ५४०, आणि १५,००० पैकी ४ टक्के म्हणजे ६००. मायक्रोलिटरला ५०० च्या वर गेलं की वाढ म्हणायची. १,५०० च्या वर आकडा टिकून राहिला तर हृदयाचीही तपासणी हवीच, कारण हे प्रथिन हृदयाच्या आतल्या अस्तराला इजा करतं, तिथे गुठळ्या धरतात आणि पुढे अस्तर जाड, ताठर होतं. आणखी एक, रक्त स्टेरॉइडच्या पहिल्या गोळीआधी घ्यायला सांग. गोळीनंतर काही तासांतच हा आकडा उतरतो आणि मग मूळ वाढ किती होती हे कळतच नाही.

काच रंगवलीस की कण कसे दिसले ते कळव.

तुझा,
विनय